दुसऱ्या रिंगच्या आत

हुपरीकर साहेबांना या कामातून काय मिळणार होतं, याचा हिशोब माझा पहिल्या चहाच्या आतच झाला होता. सहायक महाव्यवस्थापकाची जागा मार्चअखेर रिकामी होत होती. तिच्याबरोबर एक केबिन होती, केबिनला स्वतंत्र बाथरूम होतं, खाली ड्रायव्हरसह गाडी होती. शिवाय संचालकांच्या बायका साहेबांच्या घरच्या हळदीकुंकवाला न बोलावता आल्या असत्या. हे शेवटचं साहेब काही बोलले नाहीत. पण माझ्यासमोर मिसेसचा फोन आला आणि ते म्हणाले, "अगं, मार्चनंतर कर की. तेव्हा वेगळ्या बायका येतील."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"नगरकर, एक सांगा. तुमची ही पेटी फोन उचलते म्हणजे स्वतःच उचलते ना? माणूस लागत नाही?"

"उचलायला नाही लागत," मी म्हणालो. "बोलायला लागतो."

"बोलायला आहेत की आमच्याकडं. चार मजले भरून आहेत."

ही गोष्ट श्रमसंचय नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयातली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या एका कंपनीत राउटर बसवण्याचं काम करत होतो. बँकेनं बावीस शाखा जोडायला राउटर घेतले होते. मुख्य कार्यालयातल्या राउटरच्या पाठीला टेलिफोनसाठी आठ खाचा होत्या. त्यांना पोर्ट म्हणतात. एका पोर्टात बाहेरची एक टेलिफोन लाइन खुपसायची आणि त्याला समजावून सांगायचं, की बाबा रे, बाहेरून रिंग आली तर कितव्या रिंगला घ्यायची आणि घेऊन कुणाच्या टेबलावर द्यायची. पोर्ट फार आज्ञाधारक असतो. अक्कल सांगणाऱ्याची.

हुपरीकर हे बँकेच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात ते, दोन मुली आणि एक एसी. त्यांची योजना सोपी होती. आठ लाइनी, आठ विभाग. ठेवींचा नंबर लावला की ठेवींच्या टेबलावर वाजेल, कर्जाचा लावला की कर्जाच्या. मध्ये ऑपरेटर कशाला? संचालक मंडळाला दाखवायला दोन वाक्यंही त्यांनी तयार ठेवली होती: एक पद वाचलं, आणि बँकेत आलेला प्रत्येक फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलला जातो.

वाचणारं पद जिन्याखालच्या खोलीत बसत होतं.

पद्मावती मगदूम. पद्माताई म्हणत सगळे. वय छत्तीस-सदतीस, जन्मापासून दिसत नव्हतं. समोर टेलिफोनचा जुना बोर्ड, कानाला हेडफोन, शेजारी पाण्याचा तांब्या. मी दारात उभा राहिलो तर मान न वळवता म्हणाल्या, "या. पुण्याचे इंजिनिअर ना?"

"पावलांवरून ओळखलंत?"

"छे हो! ढवळे शिपाई सकाळी सांगून गेला, पुण्याचा एकजण आलाय, चहात साखर कमी मागतो. सिनेमे कमी बघा तुम्ही." तेवढ्यात रिंग आली. "श्रमसंचय, नमस्कार… हां, बोला शहा काका… क्लिअरिंगला देते. थांबा, ठेवू नका." त्यांनी खटका दाबला, चार रिंगा ऐकल्या, आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "ढवळे! क्लिअरिंगला जाऊन कुणाला तरी खुर्चीतून उठव. शहा काका लाइनवर आहेत म्हणावं."

"आत कुणी उचलत नाही?" मी विचारलं.

"उचलतील कशाला? जो उचलेल त्याचं काम."

हा बँकेतला अलिखित नियम होता आणि लिखित नियमांपेक्षा तो कितीतरी कसोशीनं पाळला जात होता. फोन घेतला, की पलीकडच्या माणसाची तक्रार घेणाऱ्याच्या नावावर चढायची. मी मुद्दाम वर जाऊन बघून आलो. चेक वटवणाऱ्या क्लिअरिंग विभागात फोन दोन टेबलांच्या बरोबर फटीवर ठेवलेला होता. तो पाटलांचा नव्हता आणि तो कुलकर्ण्यांचाही नव्हता. वाजायला लागला की दोघं एकमेकांकडे असं बघत, जणू समोरच्याच्या खिशात वाजतोय. मग थोड्या वेळानं ढवळे हाशहुश करत यायचा आणि दोघांतल्या एकाचं नाव घ्यायचा. नाव घेतलं की मात्र उठावं लागे. त्यामुळे ढवळेला कुणी चहा पाजत नसे.

पद्माताईंच्या नोकरीचा प्रकार असा: अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पंधरा दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. अशी नऊ वर्षं. आता त्यांना कायम करण्याचा विषय पुढच्या मंगळवारच्या संचालक मंडळासमोर येणार होता. कार्यक्रमपत्रिकेवर तो सहावा होता. सातवा हुपरीकरांचा होता: ऑपरेटरचं पद रद्द करणे. एका पानावर एकाखाली एक.

"सहावा झाला तर सातवा पडतो," पद्माताई म्हणाल्या. "सातवा झाला तर सहावा. मला ढवळेनं वाचून दाखवलंय."

निकालासाठी चाचणी ठरली. हुपरीकरांनीच सुचवली, कारण न्यायी दिसण्याची त्यांना हौस होती. सोमवार ते बुधवार सगळे फोन पद्माताईंकडे. गुरुवारपासून तीन दिवस थेट विभागांत. दोन्ही वेळा मोजणी राउटर करणार: किती फोन आले, किती दुसऱ्या रिंगच्या आत उचलले.

पहिले तीन दिवस मी पोर्ट जसे लावायला हवेत तसेच लावले. इथे थोडं सांगायला हवं. पोर्टला फोन देण्याच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत बाहेरची रिंग तो नुसती आत पोचवतो. आत माणसानं रिसीव्हर उचलला, तरच बाहेरची लाइन घेतो. दुसऱ्या तऱ्हेत तो पहिल्या रिंगलाच लाइन स्वतः घेऊन बसतो आणि मग आत कुणी आहे का बघतो. पहिल्या तऱ्हेसाठी हुकमाच्या ओळीत शेवटी इंग्रजी तीन अक्षरं जास्तीची लिहावी लागतात. बस, एवढाच फरक. पद्माताईंचे तीन दिवस मी ती तीन अक्षरं लिहून मोजले. त्यांनी रिसीव्हर घेतला तरच फोन उचलला गेला असं धरलं.

बुधवारी संध्याकाळी आकडा आला. सहाशे अकरा फोन, पैकी दोन रिंगच्या आत पाचशे अठ्ठेचाळीस. एकटी बाई, आठ लाइनी. उरलेले त्रेसष्ट एकदम तीन-तीन वाजल्यामुळे, आणि काही त्या बाथरूमला गेल्या म्हणून. त्यांना स्वतंत्र बाथरूम नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जावं लागे.

"नव्वद टक्के," हुपरीकर आकडा चाटून बघितल्यासारखं बोलले. "म्हणजे दहा टक्के गिऱ्हाईक हिनं टांगून ठेवलं की नाही?"

गुरुवारी तेच पोर्ट, तीच तीन अक्षरं, फक्त फोन थेट विभागांत. संध्याकाळी मी कागद त्यांच्या हातात दिला. एकशे सत्त्याण्णव फोन. दोन रिंगच्या आत उचललेले छत्तीस.

साहेबांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"हे काय?"

"तुमचे चार मजले," मी म्हणालो.

"चेष्टा नको. तुमच्या पेटीत काहीतरी फॉल्ट आहे."

"पेटी बरोबर आहे, साहेब. रिंग पोचतेय. कुणी उचलत नाही, म्हणून पोर्ट बाहेरची लाइन घेत नाही."

"का घेत नाही?"

"आत माणूस नसताना घेऊ नकोस असं सांगितलंय त्याला."

"कुणी सांगितलं?"

"मी."

हुपरीकर उठले, दार लावून आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. मशीनचा दोष निघाला असता तर त्यांना अवघड गेलं असतं. माणसानं सांगितलेलं माणूस बदलू शकतो, हे त्यांना नोकरीतून चांगलं ठाऊक होतं.

"म्हणजे घे म्हणून सांगितलं, तर घेईल?"

"घेईल. पहिल्याच रिंगला. पण त्याला काय अर्थ, साहेब? बाहेरच्याला वाटणार फोन लागला. त्याचं मीटर पडणार, पैसे चढणार. आणि आत नुसतीच रिंग वाजत राहणार."

"मोजणीत काय येणार?"

"शंभर टक्के."

"मग अर्थ कसा नाही?" ते म्हणाले. "नगरकर, तुमच्या कामाचं कंप्लिशन सर्टिफिकेट कुणाच्या सहीचं?"

"तुमच्या."

"आणि ते मिळाल्यावर तुम्ही कुठं जाणार होतात? बोलला होतात परवा जेवताना."

"बेंगळुरूला. आमच्या तिकडच्या प्रोजेक्टवर."

"छान गाव आहे. हवा थंड," हुपरीकर म्हणाले आणि त्यांनी मला केळीचे वेफर्स दिले.

दुसऱ्यांचा हिशोब मांडायची मला हौस आहे, म्हणून स्वतःचाही सांगतो. सर्टिफिकेट वेळेत मिळालं तर बेंगळुरू, तिथून जमलं तर सिंगापूर. नाही मिळालं तर पावसाळाभर पुन्हा तालुक्याच्या शाखांतून उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडत हिंडणं. मी ती तीन अक्षरं खोडली. आठ पोर्ट, आठ ओळी. चार मिनिटं लागली. वेफर्स ताजे होते.

गुरुवार 'सरावाचा दिवस' ठरला आणि मोजणीतून गेला. त्याच्या बदली सोमवार धरला. शुक्रवार, शनिवार, सोमवार: शंभर, शंभर, शंभर.

सोमवारी दुपारी ढवळे मला बोलवायला आला. पद्माताई बोर्डापुढे बसल्या होत्या. बोर्ड मुका होता. हेडफोन काढून त्यांनी त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

"बसा. दार लावा," त्या म्हणाल्या. "मी आत्ता माझ्या मोबाईलवरून क्लिअरिंगला फोन लावला. ऐकायचंय?"

त्यांनी नंबर दाबला आणि मोबाईल माझ्या कानाला लावला. एक रिंग. मग बारीकसं कट्ट. मग पुन्हा रिंग, रिंग, रिंग.

"पहिली रिंग टेलिफोन खात्याची," त्या म्हणाल्या. "कट्ट झाल्यावरची तुमच्या पेटीची. ही थोडी खालच्या सुरात आहे आणि दोन रिंगांमधली फट मोठी आहे. नऊ वर्षं दुसरं काही ऐकलं नाही मी, नगरकर. कट्ट झालं तेव्हा माझं मीटर पडलं. हो ना?"

"हो."

"आणि आत कुणीच नाही."

"नाही."

"माझ्या तीन दिवसांत हे कट्ट कधी व्हायचं?"

"तुम्ही उचलल्यावर."

"म्हणजे मला एक माप आणि पेटीला दुसरं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खात्री करून घेत होत्या, एखादा नंबर परत वाचून दाखवावा तशा. "मी उद्या मीटिंगमध्ये हे सांगणार. पण माझं कोण ऐकणार? आंधळीला म्हणे कट्ट ऐकू येतं. हसतील. तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्ही एवढंच म्हणा, की पेटीनं उचलणं आणि माणसानं उचलणं एक नव्हे. बाकी काही बोलू नका. हुपरीकरांचं नावसुद्धा घेऊ नका."

"बघतो," मी म्हणालो.

"बघा," त्या म्हणाल्या. "आपल्यात बघणारे तुम्हीच."

आणि हसल्या. ढवळेही हसला. मी हसलो की नाही, आठवत नाही.

मंगळवारी अकरा वाजता संचालक मंडळ भरलं. अध्यक्ष आण्णासाहेब घोरपडे मधोमध, दोन्ही बाजूंना संचालक, प्रत्येकापुढे काजूची बशी. हुपरीकरांनी उठून विनंती केली, की तांत्रिक पाहुणे पुण्याला निघायचे आहेत, तेव्हा सातवा विषय सहाव्याच्या आधी घ्यावा. मला कुठेही निघायचं नव्हतं. विषय आधी घेतला गेला.

"ते टक्के-बिक्के राहू द्या," आण्णासाहेब म्हणाले. "मी हितनंच लावतो फोन. बघू उचलत्यात का."

हुपरीकरांनी मान लववली. त्यांना ह्याचीच वाट होती. त्या दिवशी सकाळपासून आठही विभागांत फोनच्या शेजारी एकेक माणूस नुसता बसवला होता. जिथे कारकून मिळाला नाही तिथे शिपाई. क्लिअरिंगला ढवळे होता. त्याला सक्त ताकीद होती, की आज कुणाला उठवायचं नाही, स्वतःच बोलायचं.

आण्णासाहेबांनी कर्ज विभागाला फोन लावून स्पीकर चालू केला.

"नमस्कार, श्रमसंचय बँक, कर्ज विभाग, मी आपली काय सेवा करू?" एका दमात उत्तर आलं. आवाजामागं कुणीतरी पुटपुटून सांगत होतं तेही ऐकू आलं.

"आयला!" आण्णासाहेब खूश झाले. "आमच्या बँकेत सेवा? नंबर चुकला काय माझा?"

संचालक पोट धरून हसले. ठेवींना लावला, तिथेही सेवा. क्लिअरिंगला लावला तर ढवळेचा आवाज आला, "नमस्कार, कोण बोलतंय… आण्णासाहेब का? जी. बसलोय की मी फोनपाशी. साहेबांनी बसवलंय."

हुपरीकरांनी चटकन खटका बंद केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असलं तर काजू संपेपर्यंत बोलायचं नव्हतं.

पद्माताईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. त्यांनी बोलायची परवानगी मागितल्यावर आण्णासाहेबांनी त्यांना आत घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याला वेळ नव्हता, एवढंच.

"बोला बाई."

"आण्णासाहेब, आज फोन उचलले कारण आज माणसं बसवलीत. रोज पेटी उचलते, आणि आत नुसतीच रिंग वाजते. मला मोजलं ते मी उचलल्यावर. पेटीला मोजलं ते तिनं उचलल्यावर. हे इंजिनिअर इथंच आहेत. त्यांनाच विचारा. फोन उचलला म्हणजे काय?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. हुपरीकरांचं वळलं नाही. ते पुढ्यातल्या फाइलची नाडी सोडत होते. त्या फाइलमध्ये माझं सर्टिफिकेट होतं. सही व्हायची होती.

"सांगा हो," आण्णासाहेब म्हणाले. "मराठीत सांगा."

"तांत्रिक भाषेत," मी म्हणालो, "पोर्टनं बाहेरची लाइन घेतली की फोन उचलला असं धरतात."

"म्हणजे बरोबर आहे की साहेबांचं?"

"तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

"लिहून द्याल?"

"देतो."

मी खाली सही, तारीख घालून लिहून दिलं. पद्माताई आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटतं, मी अजून काही बोलेन याची त्या वाट बघत होत्या. फोनवरच्या माणसाला त्यांनी नेहमीच बोलायला पुरेसा वेळ दिलेला होता. मग दारावरच्या शिपायाच्या हाताला धरून त्या बाहेर गेल्या. सहावा विषय घ्यायचं कारण उरलं नाही. संपत चाललेली अकरा महिन्यांची ऑर्डर पुन्हा निघाली नाही. हुपरीकरांना मार्चअखेर केबिन मिळाली, आणि वार्षिक अहवालाच्या अकराव्या पानावर ठळक अक्षरांत छापून आलं: 'बँकेत येणाऱ्या प्रत्येक दूरध्वनीस दुसऱ्या रिंगच्या आत उत्तर.' मी बेंगळुरूला गेलो. हवा खरंच थंड होती.

सव्वा वर्षानं मला कंपनीमार्फत बँकेच्या वकिलांचं पत्र आलं. ग्राहक मंचात साक्ष द्यायला यावं.

झालं होतं असं. आवटी गुरुजी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, बँकेचे जुने ठेवीदार. एसटी स्टँडवर त्यांची पिशवी चोरीला गेली. पिशवीत चेकबुक होतं, आणि त्यात दोन कोऱ्या चेकांवर गुरुजींनी आधीच सह्या करून ठेवलेल्या. मुलाच्या घराच्या बांधकामासाठी. चाळीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवल्यावर माणसाकडे स्वतःसाठी किती उरणार? त्यांनी स्टँडवरच्या टेलिफोन बूथवरून बँकेच्या क्लिअरिंगला फोन लावला, चेक थांबवा म्हणून सांगायला. पहिल्या रिंगला लागला. मग वाजत राहिला. गुरुजी शिस्तीचे. लागलेला फोन ठेवायचा नसतो, कुणीतरी येतच असेल, म्हणून नऊ मिनिटं कानाला लावून उभे राहिले. ठेवून पुन्हा लावला, सात मिनिटं. मग रिक्षा करून बँकेत पोचले, तोवर एका चेकवर एक लाख दहा हजार गेले होते.

बँकेचं म्हणणं, आम्हाला कुणी कळवलंच नाही. गुरुजींनी बूथच्या दोन पावत्या काढून दिल्या. नऊ मिनिटं, सात मिनिटं, नंबर बँकेचा.

मंचाच्या बाहेर हुपरीकर भेटले. अंगावर कोट चढला होता.

"नगरकर, सोपं आहे," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही एवढंच म्हणायचं, पेटीनं उचलणं आणि माणसानं उचलणं एक नव्हे."

वाक्य शब्दाला शब्द पद्माताईंचंच होतं. त्यांना ते कुठून आलं हे माहीत असायचं कारण नव्हतं. खरं वाक्य असं कुणाच्याही तोंडात बसतं, गरज पडली की.

आत गेलो आणि म्हणालो. सगळं सांगितलं, पोर्ट कसा लाइन घेतो, आत माणूस नसला तरी बाहेर मीटर कसं पडतं. संचालकांच्या खोलीतही मी इतकं स्पष्ट बोलू शकलो असतो, याचं माझं मलाच नवल वाटलं.

गुरुजींच्या वकील शिरगुप्पे बाई उठल्या. आधी त्यांनी अहवालाचं अकरावं पान वाचलं. मग संचालक मंडळाच्या दप्तरातला एक कागद माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"मोठ्यानं वाचता?"

"'पोर्टने बाहेरची लाइन घेतली की फोन उचलला असे धरतात.'"

"मग साहेब, तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा, की आत्ता?"

"दोन्ही वेळा खरंच बोललो," मी म्हणालो. "दोन्ही वेळा जेवढं विचारलं तेवढं."

"वा! म्हणजे दोन नगरकर मिळून एक साक्षीदार झालात." खोलीत हशा पिकला. "पण संचालकांनी विश्वास ठेवला तो पहिल्यावर. अहवाल छापला तो पहिल्यावर. ठेवीदारानंही तोच वाचला. आता बँकेला दुसरा नगरकर हवा असेल, तर त्याला तिनं तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारणारी एकजण होती."

त्या विचारणाऱ्या पद्माताई बाकावर बसल्या होत्या. गुरुजींच्या बाजूनं साक्षीला आल्या होत्या, पूर्वी चेक थांबवायचा फोन आला की काय करत ते सांगायला. त्यांनी सांगितलं, "रिंग मोजायची. चार झाल्या की ढवळेला पाठवायची." चार वाक्यांत त्यांची साक्ष संपली. उलटतपासणीला बँकेच्या वकिलांना प्रश्न सुचला नाही.

बाहेर पडताना मी त्यांच्याजवळ गेलो. घसा खाकरला.

"नगरकर," त्या म्हणाल्या. "आज बोललात."

"ताई, मी तेव्हा…"

"असू द्या. एक-चाळीसची गाडी आहे माझी."

मंचाचा निकाल महिन्यानं लागला, तो मला ढवळेनं फोन करून सांगितला. बँकेनं गुरुजींना एक लाख दहा हजार व्याजासकट भरले. ते ठेवीदारांच्याच पैशातून गेले, म्हणजे त्यातले काही रुपये गुरुजींचेच होते. त्या दिवशी क्लिअरिंगमध्ये पाटील रजेवर होते, म्हणून फोन कुलकर्ण्यांचा ठरला आणि त्यांची एक वेतनवाढ थांबली. हुपरीकरांकडून काहीच वसूल झालं नाही. त्यांच्या बाथरूमला गीझर बसला. ढवळेनं तेव्हा आण्णासाहेबांच्या फोनवर नको ते बोलल्याबद्दल आता मेमो खाल्ला. माझं विमानाचं भाडं, हॉटेल आणि दोन दिवसांचा भत्ता कंपनीनं दिला आणि कंपनीला बँकेनं.

पद्माताई जतला भावाकडे राहत होत्या. त्याच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात फोन घेत होत्या. पगार नव्हता, दोन वेळचं जेवण होतं. साक्षीदाराचा खर्च त्यांना मंचाकडून मागता आला असता. त्यांनी मागितला नाही. अंधांना एसटीत पाऊण भाडं माफ असतं. उरलेलं पाव, जाण्याचं आणि येण्याचं, त्यांनी स्वतः भरलं.